सायकोसिसमधून सावरणाऱ्या माणसाची शुश्रूषा : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कार्यकर्त्यांसाठी

वस्तीत कुणाला डेंग्यू झाला, कुणाचा लोकलमधून पडून अपघात झाला, तर मंडळाची पोरं रक्तदाता शोधण्यापासून रिक्षा आणण्यापर्यंत सगळं करतात. पण एखाद्या घरातला तरुण रात्र रात्र जागू लागला, एकटाच बोलू लागला, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं म्हणू लागला, की त्या घराचं दार बंद होतं. घरचे लाजेने सांगत नाहीत. शेजारी "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणून बाजूला होतात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्याबद्दल एक शब्द येत नाही. दोन-तीन वर्षांनी कळतं, की त्याची नोकरी गेली, लग्न मोडलं आणि आता तो खोलीबाहेरच येत नाही.

हे टाळता येतं. सायकोसिस हा उपचार असलेला आजार आहे. त्यात डॉक्टर औषध ठरवतात, पण रोजची शुश्रूषा परिचारिका, घरची माणसं आणि वस्ती करते. ती कशी करायची, याचं एक शास्त्र आहे. ते शास्त्र आपल्या कार्यकर्त्यांना आणि नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना माहीत व्हावं, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आपल्या तीन शहरांत किती जण असतील?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढ लोकांपैकी सुमारे ०.४ टक्के लोकांना त्या वेळी स्किझोफ्रेनिया किंवा त्यासारखा सायकोसिसचा आजार असल्याचं आढळलं. अशा आजाराच्या दर चार जणांपैकी सुमारे तीन जण उपचाराविना होते. या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे प्रमाण आपल्याकडे जसंच्या तसं लावता येत नाही. पण ढोबळ अंदाज बांधता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची मिळून लोकसंख्या ९ लाख ३३ हजारांच्या वर होती. त्यातले प्रौढ धरले, तर अडीच हजारांच्या आसपास माणसं या आजारात असू शकतात. २०११ नंतर बदलापूर-अंबरनाथकडे किती इमारती उभ्या राहिल्या, हे आपण रोज गाडीतून पाहतोच. म्हणजे आजचा आकडा याहून मोठाच असेल.

सायकोसिस म्हणजे काय?

सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेला माणसाचा धागा काही काळ सुटणं. याची तीन मुख्य लक्षणं आहेत. पहिलं, भास. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, कधी माणसं दिसतात, कधी वास येतात. दुसरं, भ्रम. पुरावा दाखवला तरी न ढळणारी समजूत पक्की होते. जेवणात विष आहे, टीव्हीवाले माझ्याबद्दलच बोलतात, माझ्या डोक्यातले विचार दुसऱ्याला कळतात. तिसरं, विचारांची गुंतागुंत. बोलण्याचा मेळ लागत नाही, एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध राहत नाही. याशिवाय काही लक्षणं गप्प असतात. माणूस आंघोळ सोडतो, मित्र सोडतो, चेहऱ्यावर भाव उरत नाहीत. घरचे याला आळस समजतात आणि रोज बोलणी बसतात.

सायकोसिस हे लक्षणांचं नाव आहे; त्यामागे अनेक कारणं असू शकतात. स्किझोफ्रेनिया, तीव्र उदासीनता, बायपोलर आजार ही काही कारणं. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या बाईला सायकोसिस होऊ शकतो आणि ती तातडीची वेळ असते. गांजा व इतर नशा, दारू अचानक सोडणं, मेंदूपर्यंत गेलेला ताप, थायरॉइडचा बिघाड यांमुळेही असं होतं. म्हणून पहिल्यांदा असा त्रास झालेल्या माणसाची शारीरिक तपासणी व्हायलाच हवी. स्वतःच निदान ठरवून मोकळं होऊ नये.

एक गैरसमज इथंच दूर करू. सायकोसिस असलेली बहुतेक माणसं हिंसक नसतात. ती घाबरलेली असतात. इतरांपेक्षा त्यांच्या स्वतःच्या जिवालाच धोका जास्त असतो, कारण या आजारात आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरंच अधिक आहे.

भगताकडे की दवाखान्यात?

आपल्या जिल्ह्यात आजही अशा माणसाला आधी भगताकडे नेतात. अंगारा, धूर, मार, साखळी हे सगळं होऊन जातं आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत एक-दोन वर्षं निघून जातात. उपचाराविना गेलेला काळ जितका लांब, तितकं पुढे सावरणं अवघड होतं, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलं आहे.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने या बाबतीत स्पष्ट असायला हवं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. तिथे साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या २८ मनोरुग्णांचा त्यात मृत्यू झाला. त्यांना पळताही आलं नाही. साखळीचा शेवट कुठे होतो, याचं ते उदाहरण आहे.

मात्र, घाबरलेल्या आईबापांना "तुम्ही अंधश्रद्धाळू" म्हणून झापू नये. दुसरा रस्ता कुणी दाखवला नाही म्हणून ते भगताकडे गेलेले असतात. तो रस्ता दाखवणं आपलं काम आहे.

आपल्याकडचा आणखी एक मुद्दा. काही घरांत मुलाला "मन शांत होईल" म्हणून दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला पाठवण्याचा विचार होतो. तीव्र सायकोसिसच्या काळात दीर्घ मौन आणि तासन्‌तास ध्यान यांनी त्रास वाढू शकतो. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, ती लपवू नये. ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या बंद करणं तर त्याहून घातक. आधी उपचार, आधी झोप, आधी स्थैर्य. पुढचं डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

‘सावरणं’ म्हणजे काय?

पूर्वी मनोरुग्णाच्या शुश्रूषेचा अर्थ एवढाच होता : त्याला सांभाळा, शांत ठेवा, पळून जाऊ देऊ नका. १९५२ मध्ये हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने मांडलं, की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे. पुढे स्वतः हा आजार भोगलेल्या माणसांनी आवाज उठवला. आम्हाला गप्प करणं म्हणजे आम्हाला बरं करणं नाही, आम्हाला आमचं आयुष्य परत हवं आहे, असं ते म्हणाले. त्यातून सावरण्यावर भर देणारी शुश्रूषा पुढे आली.

इथे सावरणं म्हणजे लक्षणं शून्यावर येणं असा अर्थ नाही. एखाद्याला अधूनमधून आवाज ऐकू येत राहतील, गोळी चालू राहील, तरी तो कामाला जाईल, मित्रांत बसेल, स्वतःचे निर्णय घेईल. मधुमेह असलेला माणूस जसा गोळी घेऊन संसार करतो, तसंच. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सावरण्यात पाच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या : माणसांशी जोडलेपण, उमेद, आजारापलीकडची स्वतःची ओळख, जगण्याला अर्थ आणि स्वतःच्या आयुष्यावर स्वतःचा ताबा. शुश्रूषा करणाऱ्याने प्रत्येक आठवड्याला स्वतःला विचारावं, की या पाचांपैकी आज मी कशाला हात लावला?

तीव्र त्रासाच्या काळात काय करावं?

समजा, अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर जाणारा चोवीस वर्षांचा मुलगा आहे. रात्रपाळ्या झाल्या, झोप उडाली, आणि आता तो आईला म्हणतो, "शेजारचे आपल्या पाण्यात विष टाकतात."

दोन उत्तरं चुकीची आहेत. "काय वेड्यासारखं बोलतोस!" हे पहिलं. त्याने तो एकटा पडतो. "हो रे, मीपण पाहिलं" हे दुसरं. त्याने भ्रम पक्का होतो. मानसोपचाराची परिचारिका तिसरा मार्ग घेते. ती भीती मान्य करते, पण समजुतीला दुजोरा देत नाही. आई म्हणू शकते, "तुला खूप भीती वाटतेय, हे मला दिसतंय. मला तसं काही दिसलं नाही बाळा, पण मी इथंच आहे. चल, पाणी आपण दोघं मिळून भरू." वाद जिंकायचा नाही. विश्वास टिकवायचा आहे.

बाकीचे नियम साधे आहेत. खोलीत एका वेळी एकानेच बोलावं. वाक्यं लहान ठेवावीत. टीव्ही बंद करावा, गर्दी बाहेर काढावी. त्याच्यासमोर कुजबुजू नये, हसू नये, कारण ते स्वतःबद्दलच आहे असं त्याला वाटतं. मागून जाऊन खांद्यावर हात टाकू नये. त्याच्या आणि दरवाजाच्या मध्ये उभं राहू नये. सुऱ्या, किटकनाशक, उरलेल्या गोळ्यांची पाकिटं गाजावाजा न करता हलवावीत.

आवाज ऐकू येतात असं तो म्हणाला, तर विचारावं : "आवाज काय सांगतात? स्वतःला किंवा कुणाला इजा करायला सांगतात का? त्यांचं ऐकावंसं वाटतं का?" मरणाबद्दल विचारल्याने मरणाचा विचार डोक्यात येतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्याने त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एरवी आवाजांचा त्रास कमी करायला हेडफोनवर गाणी, मोठ्याने वाचन, कुणाशी गप्पा, हाताला काम असे उपाय अनेकांना उपयोगी पडतात. कोणता उपाय चालतो, ते त्यालाच विचारून लिहून ठेवावं.

खरा छळ आणि भ्रम

इथे आपल्या समाजाच्या अनुभवातला एक नाजूक प्रश्न येतो. आपला मुलगा म्हणतो, "कामावर सगळे माझ्याबद्दल बोलतात, मला मुद्दाम त्रास देतात." हा भ्रम आहे की जातीवरून होणारा खरा छळ? दोन्ही शक्य आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

चांगली परिचारिका इथे घाई करत नाही. ती तपशील विचारते : कोण बोललं, केव्हा, काय शब्द होते, आणखी कुणी ऐकलं का? आडनाव कळल्यावर वागणूक बदलली का? ती हे नोंदवून डॉक्टरांच्या कानावर घालते. सगळंच ‘भ्रम’ म्हणून उडवून लावलं, तर माणसाचा दवाखान्यावरचा विश्वास उडतो. उलट, सगळंच ‘अन्याय’ म्हणून मोर्चा काढला, तर आजार उपचाराविना वाढतो. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या संशोधनात स्थलांतरित व वांशिक अल्पसंख्य समाजांत सायकोसिसचं प्रमाण जास्त आढळलं आणि त्यामागे भेदभाव व एकटेपण यांचा हात असल्याचं अनेक संशोधक मानतात. अपमान माणसाच्या मनावर काय करतो, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून कार्यकर्त्याने दोन्ही दारं उघडी ठेवावीत. दवाखानाही आणि अन्यायाची चौकशीही.

गोळ्या आणि त्यांचा त्रास

सायकोसिसची औषधं परिणाम दाखवायला काही दिवस ते काही आठवडे घेतात. बरं वाटल्यावर स्वतःहून गोळी बंद करणं हे आजार उलटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. पहिल्या झटक्यानंतरही औषध बहुधा वर्ष-दोन वर्षं चालू ठेवायला सांगतात. कधी आणि कसं कमी करायचं, ते डॉक्टर ठरवतील.

पण माणूस गोळी का टाळतो, हे विचारल्याशिवाय नुसता आग्रह धरणं ही शुश्रूषा नाही. सुस्ती येते, हात थरथरतात, पाय एका जागी राहत नाहीत, तोंडातून लाळ गळते, वजन आणि साखर वाढते, पाळी बिघडते. कामगाराला सकाळची शिफ्ट असते आणि गोळीने डोळे उघडत नाहीत. हे त्रास खरे आहेत आणि बहुतेकांवर उपाय आहे. मात्रा बदलता येते, वेळ बदलता येते, दुसरं औषध देता येतं. काही जणांसाठी काही आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन सोयीचं पडतं. क्लोझापिन चालू असेल तर रक्ताची नियमित तपासणी चुकवू नये, ताप किंवा घसा दुखला तर लगेच कळवावं. मान किंवा जबडा अचानक वाकडा होऊन ताठला, किंवा खूप ताप येऊन अंग कडक झालं आणि शुद्ध हरपू लागली, तर ती तातडीची वेळ समजावी.

जेवणात लपवून गोळी देऊ नये. ते एकदा कळलं, की "जेवणात काहीतरी घालतात" हा त्याचा भ्रम खरा ठरतो आणि त्यानंतर तो घरचं अन्नही खात नाही.

विनयपिटकातला रुग्ण भिक्खू

या शुश्रूषेचा पाया आपल्याला परका नाही. महावग्गात अतिसाराने आजारी पडून घाणीत पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतलं आणि भिक्खूंना बजावलं, की एकमेकांची सेवा तुम्हीच करायची आहे. तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणं, रुग्णाला काय मानवतं हे ओळखणं, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणं, मलमूत्राची किळस न करणं आणि धम्मकथेने रुग्णाचं मन उभारणं. नर्सिंगच्या पहिल्या वर्गात याहून वेगळं काय शिकवतात?

मनाच्या आजाराबद्दल विनयात त्याहून मोलाची गोष्ट आहे. गग्ग नावाच्या भिक्खूला वेड लागलं होतं. कधी त्याला उपोसथाची आठवण राही, कधी राहत नसे. त्याला संघाबाहेर काढलं नाही. तो आला तरी, न आला तरी संघाचं काम निर्दोष मानलं जाईल, असा ठराव संघाने केला. म्हणजे त्याची जागा त्याच्यासाठी तशीच राहिली. पुढे तो बरा झाला, तेव्हा वेडाच्या काळात तो काय बोलला, काय वागला यावरून इतर भिक्खू त्याला टोचू लागले. यावर तथागतांनी ‘अमूळ्हविनय’ सांगितला. मन ठिकाणावर नसताना केलेल्या गोष्टींवरून बरं झालेल्या माणसाला पुन्हा आरोपी करता येणार नाही.

आपल्या वस्तीत याच्या उलट होतं. मुलगा बरा होऊन परत येतो आणि नाक्यावर कुणीतरी म्हणतंच, "काय रे, आठवतं का, तू रस्त्यावर कसा ओरडत होतास?" एवढं एक वाक्य त्याला परत खोलीत ढकलायला पुरतं. अमूळ्हविनय आपल्या मंडळांनी आजही पाळावा, एवढीच आमची विनंती आहे.

वस्तीतला कार्यकर्ता हे करू शकतो का?

करू शकतो, आणि याचा पुरावा आपल्या राज्यात आहे. तमिळनाडू, गोवा आणि साताऱ्यात स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवर एक अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाला नेहमीचे दवाखान्यातले उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्यासोबत प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते बारा महिने घरी जाऊन भेटत होते. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. ते आजार समजावत, गोळ्यांची आठवण ठेवत, शरीराच्या तब्येतीकडे बघत, कामाधंद्याकडे परतायला मदत करत. वर्षअखेर त्या गटात लक्षणं आणि रोजच्या कामातली अडचण दोन्ही जास्त कमी झाली होती. फरक माफक होता, पण खरा होता. पुण्यात बापू ट्रस्ट ही संस्था गरीब वस्त्यांमध्ये जाऊन असंच समाजाच्या आधाराने मानसिक आरोग्याचं काम करत आली आहे.

आपल्याच लोकल मार्गावर, बदलापूरच्या पुढे कर्जतला, श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये ही संस्था सुरू केली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून, उपचार करून, त्यांना देशभरात आपापल्या घरी पोचवण्याचं काम ती करते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांचं नावगाव कुणाला ठाऊक नव्हतं, ती माणसं घरी जाऊ शकतात, तर आपल्या गल्लीतला मुलगा का नाही सावरणार?

कायदा काय देतो?

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या या गोष्टी कार्यकर्त्याला पाठ हव्यात.

- मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्यात जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव चालत नाही (कलम १८). दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर व्यक्तीला सरकारी सेवा मोफत आहे.
- कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे (कलम ९५). रुग्णालयात हातपाय बांधणं हा शेवटचा उपाय आहे आणि शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून ते करता येत नाही (कलम ९७).
- बरा असताना माणूस लिहून ठेवू शकतो, की पुन्हा त्रास झाला तर मला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि माझ्या वतीने कोण बोलेल (कलम ५ आणि १४). तातडीच्या उपचारांना हे लागू होत नाही.
- रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी कोठडीत ठेवायचं नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं आहे (कलम १००).
- मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे (कलम २७).

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. आजार लांबला आणि काम करणं अवघड झालं, तर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढता येतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी उल्हासनगर किंवा अंबरनाथच्या तहसील कार्यालयात करावी. बदलापूर अंबरनाथ तालुक्यात येतं.

जायचं कुठे?

‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन तिथे करावा. जिवाला धोका असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

उल्हासनगर कॅम्प ३ मधलं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आणि बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय ही आपली जवळची सरकारी ठिकाणं. मानसोपचाराची ओपीडी कुठे, कोणत्या वारी असते आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कधी येतं, हे मंडळाने एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारावं आणि कागद विहाराच्या फलकावर लावावा. मोठ्या उपचारासाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ते १९०१ पासून चालू आहे आणि राज्यातल्या अशा चार जुन्या रुग्णालयांपैकी एक आहे. "ठाण्याला नेलं" हा आपल्याकडे टिंगलीचा शब्द झाला आहे. तो बंद करावा. ठाण्याला नेणं म्हणजे दवाखान्यात नेणं.

मंडळासाठी कामाची यादी

एका माणसामागे दोन कार्यकर्ते ठरवावेत, एक त्याच्यासाठी आणि एक त्याच्या आईसाठी किंवा बायकोसाठी. सांभाळणारीची झोप मोडलेली असते. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळाली, तर ती टिकते.

ओपीडीच्या दिवशी सोबत जावं. रांग, केस पेपर, औषधाची खिडकी यात अर्धा दिवस जातो आणि रोजंदारीवरच्या बापाला तो परवडत नाही.

तो बरा असताना त्याच्यासोबत बसून एक पान लिहावं : त्रास सुरू होण्याआधी मला काय होतं? कुणाची झोप उडते, कुणी जेवण सोडतो, कुणी मोबाइल बंद करून टाकतो. ही त्याची स्वतःची सूचना असते. ती दिसली की कुणाला फोन करायचा, हेही त्याच पानावर असावं. पान त्याच्याकडे राहील, एक प्रत त्याने निवडलेल्या माणसाकडे.

त्याला काम द्यावं, दया नको. विहारात पुस्तकांची नोंद, जयंतीच्या मिरवणुकीत पाणीवाटप, अभ्यासिकेची चावी. झेपेल एवढं आणि खरं काम. एक दिवस तो आला नाही, तर ओरडू नये. गग्गासारखी त्याची जागा राखून ठेवावी. त्याच्या आजाराबद्दल तो स्वतः सांगेल तेवढंच बाहेर जावं. ग्रुपवर फोटो नको, नाव नको.

आणि जे तरुण-तरुणी जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करत आहेत त्यांना आमचं सांगणं : मानसोपचार विभागाच्या पोस्टिंगला कंटाळू नका. तिथे शिकलेलं तुम्ही तुमच्याच गल्लीत वापरणार आहात. महिन्यातून एका रविवारी विहारात या, वंदना झाल्यावर अर्धा तास घ्या आणि या लेखातली एक गोष्ट समजावून सांगा. सुरुवात १४४१६ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये जतन करण्यापासून करा.

जय भीम.